लिंक पाठवून मोकळे होऊ नका: खानदेशातल्या प्राचार्यांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे प्राचार्य व संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

सत्र सुरू झालं की एक नोटीस ठरलेली असते. 'सर्व विद्यार्थ्यांनी स्वयम् संकेतस्थळावरील किमान एक विषय पूर्ण करून प्रमाणपत्र कार्यालयात जमा करावे.' स्वयम् म्हणजे केंद्र सरकारचं मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ. नोटिशीखाली लिंक, त्याखाली सही. तीच नोटीस वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते आणि पुढचे चार महिने त्या विषयाला कुणी वाली नसतो. आम्ही अशाच महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आणि संगणक कक्षांत काम करणारी माणसं आहोत. लॉगिन न होणारा मुलगा, परीक्षेचा अर्ज राहून गेलेली मुलगी, प्रमाणपत्रावर चुकलेलं नाव, सगळं फिरून आमच्याच टेबलावर येतं. हे पत्र बंद पाकिटात देता आलं असतं. पण यात पालकांचे पैसे आणि मुलांचे श्रेयांक (क्रेडिट) गुंतलेले आहेत, म्हणून उघड लिहितो आहोत.

आधी एक गैरसमज नको. मोफत ऑनलाइन शिक्षणाला आमचा विरोध नाही. त्याची खरी गरज धडगाव, अक्कलकुवा, साक्री, बोदवडच्या मुलांनाच आहे. पुण्यातल्या मुलाला संख्याशास्त्र शिकवणारा कुणीतरी चार गल्ल्या सोडून सापडतो. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजात कला शाखा म्हणजे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, फार तर अर्थशास्त्र. मानसशास्त्र हवं असेल तर जळगाव किंवा धुळे गाठा. सात आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं 2003 साली एनपीटेल हा व्हिडिओ व्याख्यानांचा मोफत उपक्रम सुरू केला, 2014 पासून त्यावर परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळू लागलं, आणि 9 जुलै 2017 ला स्वयम् आल्यावर अभियांत्रिकीच्या बाहेरचे विषयही त्याच दारात आले: भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान, लेखाशास्त्र, जैवरसायन, मृदाशास्त्र. नाव नोंदवायला पैसा लागत नाही. हे दार तुम्ही मुलांना दाखवलंत याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दार दाखवून तुम्ही घरी निघून जाता याची.

आणि ही तक्रार आमच्या मनची नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनी एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून घेण्याची मुभा दिली. 2016 मध्ये ही मर्यादा 20 टक्के होती. मुभा वाढल्याचं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तिच्यासोबत आलेली जबाबदारी मात्र नोटिशीत कधी उतरत नाही. असा विषय घेऊ देणाऱ्या संस्थेनं प्रयोगशाळा, संगणक, ग्रंथालय या सुविधा विनामूल्य आणि पुरेशा द्यायच्या आहेत, आणि विद्यार्थ्याला शेवटपर्यंत मार्गदर्शन करायला समन्वयक नेमायचा आहे. बऱ्याच ठिकाणी समन्वयक कागदावर असतो. त्याच्या वेळापत्रकात या कामाचा एकही तास नसतो.

आता गोष्टी नेमक्या कुठे बिघडतात ते सांगतो.

पहिला मुद्दा नोंदणीचा. स्वयम् वर नाव नोंदवणं आणि परीक्षेचा अर्ज भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना कुणी सांगत नाही. पहिली फुकट. दुसरीला, स्वयम् वरच्या एनपीटेलच्या विषयांत, गेली काही वर्षं एका विषयाला 1000 रुपये लागतात, आणि तिची मुदत सत्राच्या मध्येच कुठेतरी संपते. मुलगी बारा आठवडे इमानदारीनं व्हिडिओ पाहते, असाइनमेंट भरते आणि शेवटी कळतं की परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा होता. दुसरी चूक ईमेलची. नेट कॅफेवाला घाईत स्वतःचाच ईमेल टाकून खातं उघडून देतो. पुढे ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो आणि दुकान बंद असलं की मुलाचं खातंही बंद. तिसरी नावाची. प्रमाणपत्रावर येणारं नाव अर्जातल्या नावासारखं असतं, नंतर बदलून मिळत नाही. आधारवर एक, बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं आणि शैक्षणिक श्रेयांक पेढीच्या खात्यात तिसरं, असं झालं की श्रेयांक जमा होताना अडकतात. आदिवासी भागातल्या मुलांच्या दाखल्यांत वडिलांचं नाव, आडनाव यांचे इतके घोळ असतात की हे काम अर्ज भरण्याआधी, दाखला समोर ठेवूनच करावं लागतं. एका मुलाला वीस मिनिटं पुरतात. साठ मुलांना वीस तास. हे तास कुणाच्या तरी कामात मोजले पाहिजेत.

दुसरा मुद्दा नेटचा, आणि इथे जरा थांबावं लागेल.

बारा आठवड्यांचा एक विषय म्हणजे साधारण तीस तासांचे व्हिडिओ. 360पी दर्जावर तासाला अदमासे 300 एमबी धरले तर एका विषयाला 9 जीबी. आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. रोज दीड जीबी देणाऱ्या रिचार्जमध्ये तो बसतो, पण फोन मुलाच्या एकट्याच्या हातात असेल आणि घरात टॉवर लागत असेल तर. मोलगी, तोरणमाळच्या वरच्या पाड्यांवर मुलं टेकडीच्या कडेला उभी राहून सिग्नल शोधतात. खाली तापीकाठच्या गावांत टॉवर आहे, पण संध्याकाळी सगळं गाव एकदम फोनवर आलं की मुलांच्या भाषेत 'व्हिडिओ नुस्ता गोल फिरस'. मग दर्जा 144पी वर आणला जातो. भाषण ऐकू येतं, फळ्यावरचं समीकरण मात्र मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. गणित, रसायन, अर्थशास्त्राचे आलेख असे शिकता येत नाहीत.

यावर उपाय महाग नाही, म्हणूनच आमचा राग जास्त आहे.

एनपीटेलचे व्हिडिओ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. श्रेय देऊन, त्याच अटींवर त्यांच्या प्रती वाटता येतात. विकिपीडियाचंही तसंच. खान अकॅडमी आणि अमेरिकेतल्या एमआयटीचं 2001 पासून खुलं होत गेलेलं अभ्याससाहित्य व्यापारी वापर सोडून वाटता येतं. म्हणजे महाविद्यालयानं एकदा चांगल्या नेटवर हे उतरवून घेतलं की प्रत्येक मुलानं तेच पुन्हा आपल्या डेटावर उतरवण्याचं कारण उरत नाही. लागतं ते इतकंच: संगणक कक्षात बाजूला काढून ठेवलेला, 4 जीबी रॅमचा एक जुना डेस्कटॉप, 1 टीबीची एक डिस्क आणि साधा वायफाय राउटर. डिस्क आणि राउटर मिळून दहा हजारांच्या आत बसतात. डेस्कटॉपवर कोलिब्री आणि किविक्स ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर टाकायची, आणि मुलांनी राउटरच्या वायफायला फोन जोडून त्यातलं साहित्य पाहायचं. कोलिब्रीत खान अकॅडमीसारखे संच पेन ड्राइव्हवरून चढवता येतात, वर्ग तयार होतो, कुणी कुठपर्यंत पाहिलं ते शिक्षकाला दिसतं. किविक्सवर अख्खा विकिपीडिया नेटशिवाय चालतो. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह सुमारे 100 जीबी भरतो. मराठी एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतो. एनपीटेलचे चाळीस विषय 360पी मध्ये उतरवले तरी 400 जीबीच्या आतबाहेर. भौतिक-रसायनाची फेट नावाची प्रयोगचित्रं कोलोरॅडो विद्यापीठानं मोफत ठेवली आहेत, त्यांतली बरीच मराठीत आहेत, एकेक फाइल काही एमबीची असते आणि साध्या ब्राउझरमध्ये उघडते.

हे बसवताना लोक कुठे चुकतात तेही लिहून ठेवतो, नाहीतर 'करून पाहिलं, चालत नाही' असा शेरा येतो. पेन ड्राइव्ह किंवा डिस्क एफएटी32 पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर चढतच नाही. विकिपीडियाची फाइल इथेच अडते आणि लोक डिस्क खराब म्हणून परत करतात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा. दुसरं, विद्यार्थ्याचा फोन वायफायला जोडला जातो, पण त्या वायफायवर नेट नाही हे लक्षात येताच अ‍ॅण्ड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि पान उघडत नाही. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करायचा, एवढंच. ही सूचना मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावली की निम्म्या तक्रारी संपतात. तिसरं, घरगुती राउटरवर वीस-पंचवीस फोन नीट चालतात, साठ नाही. मोठ्या वर्गाला दोन राउटर घ्या आणि त्यांना 1 आणि 6 किंवा 6 आणि 11 असे वेगळे चॅनेल द्या. चौथं, डेस्कटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरणार असाल तर तो पाच-सात वॅटवर चालतो. राउटरसकट 12 व्होल्ट, 7 अ‍ॅम्पिअर-तासाच्या बॅटरीवर, ती निम्मीच वापरली तरी, तीन तास निघतात. लोडशेडिंगला एवढं पुरतं. मात्र वीज झटक्यानं गेली की त्याचं मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून तयार कार्डाची एक जादा प्रत कपाटात हवीच. आणि भुसावळच्या मे महिन्यात तो पत्र्याखालच्या लोखंडी कपाटावर ठेवू नका. 80 अंशांच्या पुढे तो स्वतःचा वेग कमी करतो. पंखा आणि सावली द्या.

व्हिडिओ असे ऑफलाइन झाले की नेट लागतं फक्त असाइनमेंटला, आणि ती बहुतेक पर्यायी प्रश्नांची असते, काही केबींत भागतं. आठवड्यातून एकदा संगणक कक्षात अर्धा तास पुरे.

तिसरा मुद्दा वेळापत्रकाचा. असाइनमेंटची मुदत रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी संपते आणि वाढवून मिळत नाही. आपल्याकडे शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की त्या वेळी मुलगा केळीला पाणी भरत असतो. जुलै सत्राच्या बारा आठवड्यांच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे येतात, म्हणजे कापूस वेचणी आणि दिवाळी एकत्र. त्याच सुमारास नंदुरबार, चाळीसगाव भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात, मुलांसकट. या तारखा महाविद्यालय बदलू शकत नाही हे मान्य. पण मुदतीच्या दोन दिवस आधी कक्षात बसवून असाइनमेंट भरून घेणं नक्की करू शकतं. शिवाय नियमांत जी सूट आहे ती तरी मुलांना सांगा. बारा आठवड्यांच्या विषयात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, आठच्या विषयात सहा, चारच्या विषयात तीन. दोन आठवडे बुडाले म्हणून विषय सोडून देणारी मुलं दरवर्षी दिसतात. त्यांनी सोडायची गरज नसते. उलट बाजूही सांगा. असाइनमेंटला 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेला 75 पैकी किमान 30 असं दोन्हीकडे वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. असाइनमेंटला 24 आणि परीक्षेला 28 म्हणजे बेरीज 52, तरी प्रमाणपत्र नाही. टेलिग्रामवरून उत्तरं उतरवणारा मुलगा नेमका इथे पडतो, कारण परीक्षा केंद्रावर बसून द्यायची असते. आणि ज्या कॉलेजात शिकवणारं कुणी नसतं तिथेच ही उतारागिरी जास्त चालते.

केंद्राचाही प्रश्न आहे. अर्ज भरताना शहर निवडावं लागतं. उशीर केला तर जवळचं शहर मिळेलच असं नाही. धडगावहून घाट उतरून सकाळच्या पाळीला पोचायचं म्हणजे आदल्या रात्री मुक्काम आला. मुलीला एकटीला पाठवायला घरचे तयार होत नाहीत. शुल्काचे 1000 भरूनही ती परीक्षेला जात नाही, आणि तुमच्या नोंदीत ती 'अनुपस्थित' असते.

चौथा मुद्दा भाषेचा. बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत आहेत. अहिराणी, पावरी, भिली घरात, मराठी शाळेत आणि एकदम इंग्रजी व्याख्यान, तेही तासाला दीडशे नवे शब्द घेऊन. एनपीटेलनं काही विषयांची लिखित रूपं मराठीतही दिली आहेत. ती आदल्या दिवशी छापून वाटा, मग व्हिडिओ 0.75 वेगानं आणि इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवा. फरक पहिल्याच आठवड्यात दिसतो. यांत्रिक भाषांतरात पारिभाषिक शब्द हमखास घसरतात, म्हणून दर आठवड्याला वीस शब्दांचा तक्ता फळ्यावर हवा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन मोफत आहेत. संगणकाच्या विषयांसाठी मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, दहा-दहा मिनिटांचे, मराठी आवाजासह, नेटशिवाय चालणारे. आणि मराठी विश्वकोश! गणितापासून वनस्पतीशास्त्रापर्यंत सगळे विषय मराठीत, संकेतस्थळावर फुकट. ज्यांनी तो उभा केला ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरचे. स्वयम् च्या एकाही नोटिशीत आम्ही विश्वकोशाचा उल्लेख पाहिलेला नाही.

पाचवा मुद्दा लहान आहे, पण आम्हाला सर्वांत जास्त खुपतो. शेकडो विषयांतून महाविद्यालयं चार आठवड्यांचे तेच ते विषय निवडतात, कारण प्रमाणपत्रं लवकर जमा होतात आणि नॅक या मूल्यांकन संस्थेला द्यायच्या अहवालात आकडा दिसतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातला बीएस्सीचा मुलगा मृदाशास्त्र सोडून व्यक्तिमत्त्व विकासाचा विषय करतो. मुळात चार आठवडे म्हणजे एक श्रेयांक, आठ म्हणजे दोन, बारा म्हणजे तीन. नोटिशीत दोन श्रेयांक मागायचे आणि मुलाला चार आठवड्यांचा विषय सुचवायचा, हा हिशेबच जुळत नाही. कोणता विषय कोणत्या विषयाऐवजी धरणार हे सत्राआधी न ठरवल्यामुळे प्रमाणपत्र हातात असूनही गुणपत्रिकेत काहीच न उमटलेली मुलं आमच्याकडे येतात. त्यांना काय उत्तर द्यायचं?

आमच्या मागण्या अशा:

प्रत्येक महाविद्यालयानं पुढचं सत्र सुरू होण्याआधी मान्य विषयांची यादी लावावी. त्यात विषयाचं नाव, आठवडे, श्रेयांक आणि तो कशाच्या बदली धरला जाईल हे लिहिलेलं असावं. यादीत किमान निम्मे विषय असे असावेत जे त्या महाविद्यालयात शिकवले जात नाहीत.

समन्वयकाला आठवड्याचे चार तास वेळापत्रकात द्यावेत: एक नोंदणी आणि अडचणींना, दोन व्हिडिओ पाहून चर्चेला, एक असाइनमेंटला. हे तास कार्यभारात धरावेत. आज ते 'जमेल तसं' या खात्यात आहेत.

वर सांगितलेला डेस्कटॉपचा ऑफलाइन सर्व्हर बसवावा. बसवून द्यायला आम्ही तयार आहोत, त्याचे पैसे नकोत. डिस्क, राउटर आणि एक बंद होणारी खोली द्या. वसतिगृहं आणि आश्रमशाळांसाठी त्याच डिस्कची प्रत काढता येते; एक प्रत निघायला एक रात्र लागते.

सक्ती केलेल्या विषयाचं परीक्षा शुल्क महाविद्यालयानं भरावं. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे, पण दाखला मुदतीत अपलोड झाला तरच. ते अपलोड कार्यालयानं करून द्यावं. परीक्षेच्या दिवशी तालुक्याहून केंद्रापर्यंत एक गाडी आणि मुलींसोबत एक शिक्षिका असावी.

एनपीटेलचं स्थानिक केंद्र (लोकल चॅप्टर, परीक्षा केंद्र नव्हे) म्हणून नोंदणी करायला महाविद्यालयाला शुल्क पडत नाही. ज्यांनी केली नाही त्यांनी ती करावी. ज्यांनी केली आहे त्यांनी समन्वयकाचं नाव आणि बसण्याची वेळ दारावर लावावी.

आणि हे सगळं होईपर्यंत सक्तीची नोटीस काढू नये. ऐच्छिक ठेवा, ज्याला शिकायचंय तो येईल, आम्ही त्याला बसवून घेऊ.

उत्तर आम्हाला पत्रानं नको. जुलैच्या नोंदणीआधी नोटीस बोर्डावर लावलं तरी चालेल, जिथे ती लिंक लावता तिथेच.

आपले,
खानदेशातल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतले आणि संगणक कक्षांतले काही कर्मचारी